दुरुस्तीचे यश आणि निदानाचे सत्य

ज्ञान खरे आहे हे कशावरून ओळखावे, या प्रश्नाला न्यायदर्शनाने दिलेले एक उत्तर म्हणजे प्रवृत्तिसामर्थ्य. एखाद्या ज्ञानाच्या आधारे माणूस कृतीला प्रवृत्त झाला आणि ती कृती फळाला आली, तर ते ज्ञान यथार्थ मानावे, अशी भूमिका वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्याच्या आरंभीच घेतली आहे. पाणी दिसले, तहानलेला तिकडे गेला आणि त्याची तहान भागली, की दिसले ते मृगजळ नव्हते हे आपोआप ठरते. परंतु कृती एकेरी नसून अनेक क्रियांची गुंफण असेल, तर फळावरून नेमके कोणते ज्ञान खरे ठरले, हा प्रश्न शिल्लक राहतो. आधुनिक मोटारीतील बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजेच बीसीएम, बिघडल्याचे निदान आणि त्याची बदली यांत हा प्रश्न फार स्पष्ट रूपात समोर येतो.

बीसीएम ही दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, काचा आणि दारांचे सेंट्रल लॉकिंग यांना आज्ञा देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी होय. ती बहुधा डॅशबोर्डच्या खाली बसवलेली असते. जुन्या गाड्यांत स्विचपासून दिव्यापर्यंत तारेचा माग काढला की बिघाड सापडत असे; आता स्विच केवळ विनंती करतो, ती पार पाडायची की नाही हे पेटी ठरवते, आणि इतर नियंत्रकांशी ती ‘कॅन’ या तारांच्या जाळ्यावरून बोलते, जे बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केले. पेटी आतून निकामी झाली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ते अनुमानानेच जाणावे लागते. स्कॅनर जोडल्यावर ‘यू०१४०’ हा कोड आला, तर त्याचा अर्थ इतकाच असतो की बीसीएमकडून येणारे निरोप इतर नियंत्रकांपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे येथे लिंग, ज्यावरून अनुमान करायचे ती खूण, हे केवळ मौन आहे.

अशा खुणेवर किती विसंबावे, याची चर्चा न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आली आहे. तेथे पूर्वपक्ष असा आहे की नदी फुगल्यावरून वरच्या अंगाला पाऊस पडल्याचे अनुमान केले जाते, पण प्रवाह अडवल्यानेही नदी फुगते, तेव्हा अनुमानाला प्रमाण मानता येणार नाही. यावर सिद्धान्ती उत्तर देतो की अडवलेले पाणी आणि पावसाचा पूर या भिन्न गोष्टी आहेत. भाष्यकाराच्या मते पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यातून पाने, फळे, लाकडे वाहत येतात, आणि हे विशेष न पाहता नुसत्या फुगवट्यावरून निष्कर्ष काढणारा स्वतः चुकतो, अनुमान चुकत नाही. बीसीएमचे मौनही असेच अनेक कारणांनी संभवते: फ्यूज उडालेला असेल, अर्थिंग सैल असेल, कॅनची तार तुटली असेल, किंवा कनेक्टरमध्ये पाणी झिरपून पिनांवर हिरवा थर चढला असेल. ही कारणे न तपासता पेटीवर ठपका ठेवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

ही कारणे एकेक करून बाजूला सारत शेवटी जे उरते ते स्वीकारण्याच्या रीतीला परिशेष म्हणतात. ‘शेषवत्’ या अनुमानप्रकाराचा वात्स्यायनाने दिलेला एक अर्थ हाच आहे. परिशेषाचे बळ मात्र प्रत्येक पर्याय किती कसून तपासला यावर अवलंबून असते. कॅनच्या दोन टोकांना सामान्यतः प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो, म्हणून बॅटरी सोडवून दोन्ही तारांमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर एका टोकाचा संबंध तुटलेला असण्याची शक्यता मोठी असते. अर्थिंगची तपासणी याहून फसवी आहे. तारेतले बहुतेक धागे तुटून एखादाच जोडलेला राहिला, तरी मल्टिमीटर शून्याच्या जवळपासचा रोध दाखवतो, कारण मोजण्यासाठी तो अतिशय क्षीण प्रवाह सोडतो. म्हणून कनेक्टर जागेवरच ठेवून, दिवे चालू करून, मागच्या बाजूने अर्थिंगच्या पिनेला मीटर लावावा आणि ती पिन व बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधील व्होल्टेज पाहावे, ते ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असावे, आणि पुष्कळ अधिक भरले तर दोष वाटेत आहे असे समजावे. पुरवठा, अर्थिंग, जाळे आणि स्विचचा संकेत हे सर्व भाराखाली निर्दोष ठरले आणि तरीही पेटी आज्ञा देत नसेल, तरच संशय तिच्यावर स्थिरावतो.

यानंतर पेटी बदलली आणि गाडी सुधारली, तर निदान सिद्ध झाले असे वाटते. परंतु येथे उपाधी आड येते. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे असले, तरी जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण धुराला ओले इंधन लागते. संबंध ज्या अटीवर टिकून असतो पण जी अट नजरेतून सुटते, ती उपाधी. पेटी बदलताना बॅटरी सोडवली जाते, अडकून पडलेली प्रणाली नव्याने सुरू होते, कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवले जातात आणि त्या घर्षणाने पिनांवरील थर काही अंशी निघतो. सुधारणा यांपैकी कशानेही झाली असेल, तर बदली आणि यश यांची गाठ ही कावळा बसायला आणि फांदी मोडायला पडलेली गाठ ठरते. उलट बाजूने, नवी पेटी बसवूनही गाडी सुरू झाली नाही, म्हणून जुनी पेटी निर्दोष होती असेही म्हणता येत नाही; पुष्कळ गाड्यांत नव्या पेटीचे कोडिंग करावे लागते, म्हणजे तिच्यात गाडीचा सतरा अंकाक्षरांचा चासी क्रमांक आणि सोयींचा तपशील भरावा लागतो, आणि चोरीपासून रक्षण करणारा इमोबिलायझर तिच्यातच असेल, तर किल्ल्यांचीही नव्याने ओळख करून द्यावी लागते. तात्पर्य, बदलीचे यश आणि अपयश या दोहोंची साक्ष सोपाधिक आहे.

यावर उपाय असा की बदलीसोबत होणाऱ्या सर्व क्रिया आधी बदलीवाचून कराव्यात: बॅटरी सोडवावी, कनेक्टर काढून साफ करावेत, जुनीच पेटी पुन्हा जोडावी आणि दोष टिकतो का ते पाहावे. त्यानंतरही तो टिकला आणि कोडिंग केलेल्या नव्या पेटीने गेला, तरच त्या यशाची साक्ष पेटीच्या बाजूने ग्राह्य धरता येते. बंद मुठीतील कवड्यांची संख्या अंदाजाने बरोबर सांगणाऱ्याचे उदाहरण देऊन न्यायमताचे खंडन करणाऱ्या श्रीहर्षाने नैयायिकांना विचारले होते की योगायोगाने खरे ठरलेल्या मताला प्रमेतून, म्हणजे यथार्थ ज्ञानातून, कसे वगळणार. मोटारीच्या निदानापुरते त्याचे उत्तर देता येते: यशाने मत खरे ठरू शकते, पण जे यश दुसऱ्या कारणानेही आले असते, ते त्या मताचा पुरावा होऊ शकत नाही. म्हणून प्रवृत्तिसामर्थ्याची कसोटी टाकून द्यावी लागत नाही. कृती करण्यापूर्वी तिच्यातील क्रिया वेगळ्या केल्या असतील तितकीच ती कसोटी बोलते, आणि त्यापलीकडचे जे काही सांगितले जाते त्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर राहते.