उबेचा पहारा



हल्ली खेड्यापाड्यांतल्या पुष्कळ घरांत एक लहानशी पेटी दिसते. कुणी ती विकत आणलेली असते, तर कुणी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट बसवून घरीच केलेली असते. तिला इन्क्युबेटर म्हणतात. पूर्वी कोंबडी खुडूक झाली की तिला पेंढा घातलेल्या टोपलीत अंड्यांवर बसवीत. आता ते काम ही पेटी करते. शिकती मुले हौसेने अंडी ठेवतात, कुणी जोडधंदा म्हणून ठेवतात. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास टरफल फोडून पिले बाहेर येतात. काही येतात, काही येत नाहीत.

या न येणाऱ्या पिलांविषयी एका माळकरी भगिनीने विचारले, “मुलाने १२ अंडी ठेवली. ७ पिले निघाली, त्यातले एक दुसऱ्या दिवशी गेले. ४ पिले पुरी वाढून आतल्या आत मेली. एक अंडे वांझच होते. आमच्या घरात वशाट शिजत नाही, गळ्यात माळ आहे. मग हे पाप कुणाच्या माथी?”

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्याला पिलाचा जीव लहान वाटत नाही. आणि लहान वाटत नाही म्हणूनच प्रश्न पडतो.

उत्तर शोधण्याआधी त्या पेटीत काय होते ते नीट पाहू. पंखा असलेल्या पेटीत उष्णता साधारण ३७.५ अंश सेल्सिअस राखावी लागते. हवेत दमटपणा राखावा लागतो, त्यासाठी वाटीत पाणी ठेवतात. अंडी दिवसातून किमान तीन-चार वेळा फिरवावी लागतात, नाहीतर आतला गर्भ कवचाच्या अस्तराला चिकटतो. कोंबडी हे सगळे कुणी न शिकवता करते. ती पोटाखालची अंडी चोचीने हलवते, काठावरचे अंडे मध्ये घेते, चारापाण्यापुरती उठते आणि परत येऊन बसते. अंड्यात हृदयाची धडधड दुसऱ्या दिवसाच्या सुमारासच सुरू होते. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडे धरले, तर लाल शिरांचे जाळे आणि त्यात हलणारा काळा ठिपका दिसतो.

आता यात माणसाचा वाटा किती? ऊब, पाणी आणि फिरवणे. डोळा त्याने घडवला नाही, चोच घडवली नाही. टरफल फोडायला चोचीच्या टोकावर जो कठीण उंचवटा येतो आणि काम झाल्यावर गळून पडतो, तोही त्याने बसवला नाही. मात्र आपला वाटा लहान आहे म्हणून तो हलका आहे असे नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीण्याचा पहारा असतो. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहारेकऱ्याने नाम निर्माण केलेले नसते. त्याच्याकडे एवढेच असते की आपल्या वेळेत खंड पडू द्यायचा नाही. एकवीस दिवस म्हणजे तीन सप्ताह. अंडी ठेवणारा उबेचा पहारेकरी आहे. जीव त्याचा नाही, पहारा मात्र त्याचाच आहे.

असे पाहिले म्हणजे त्या भगिनीच्या प्रश्नाला माणसे जी दोन उत्तरे देतात, ती दोन्ही अपुरी का आहेत ते कळते. पहिले उत्तर असे : “ज्याचे त्याचे प्रारब्ध. देवाने नेले.” हे बोलणे भक्तीचे वाटते, पण ते कधी बोलले जाते ते पाहावे. पाण्याची वाटी दोन दिवस कोरडी पडली होती. उष्णतामापक खरे दाखवतो की नाही हे कुणी तपासले नव्हते. पेटी खिडकीपाशी उन्हात ठेवली होती. मग पिले गेली आणि देवाचे नाव पुढे आले. आपल्या आळसावर पांघरूण घालायला पांडुरंगाचे नाव घेणे याला भक्ती म्हणता येणार नाही. वीणा खाली पडली तर पहारेकऱ्याने ‘हरीची इच्छा’ म्हणून चालत नाही.

दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे : “माझ्यामुळे मेली. मीच पापी.” हे ऐकायला नम्र वाटते. पण त्यातला ‘मी’ पाहिला तर तो फार मोठा आहे. कोंबडीच्या पोटाखालचीही सगळी अंडी फुटत नाहीत. कुठे गर्भ सुरुवातीलाच वाढायचा थांबतो, कुठे पिलू आत वेडेवाकडे बसलेले असते आणि चोच हवेच्या पोकळीकडे जातच नाही. ही मरणे जगातल्या उत्तम पेटीतही होतात. त्या सगळ्यांचा कर्ता मी, असे म्हणणारा उद्या सगळी पिले जगली तर त्यांचाही कर्ता मीच म्हणेल. यशाचा अहंकार आणि अपयशाचा अहंकार एकाच घरात राहतात. गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला निमित्त व्हायला सांगितले. निमित्त होणे म्हणजे बाजूला होणे नव्हे. धनुष्य अर्जुनालाच उचलावे लागले.

म्हणून खरी विचारणा अशी करावी : माझ्या पहाऱ्यात जे होते ते मी केले का? केले असेल, तर त्या मरणाचे दुःख करावे, पण त्याचे ओझे बांधून घेऊ नये. केले नसेल, तर पुढच्या खेपेस ते करावे. पश्चात्ताप रडण्यात संपला तर पिलांच्या काय कामाचा? तो पाण्याची वाटी भरण्यापर्यंत पोचला पाहिजे.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र शेवटच्या तीन दिवसांत असते. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणे थांबवतात, दमटपणा वाढवतात आणि पेटी बंद ठेवतात. पिलू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेते. आतून त्याची चिवचिव ऐकू येते. मग टरफलाला बाहेरून एक तडा दिसतो, आणि त्यानंतर सगळे शांत होते. चार तास जातात, आठ तास जातात, कधी जवळजवळ पूर्ण दिवस जातो. बाहेर बसलेल्या माणसाचा जीव कासावीस होतो. एवढेसे टरफल, नखाने सोलले तर सुटेल बिचारे! हात पुढे जातो.

आणि तोच हात पुष्कळदा घात करतो. ते पिलू थकून पडलेले नसते, त्याचे मोठे काम चाललेले असते. पातळ अस्तरातल्या रक्तवाहिन्यांमधले रक्त त्याच्या अंगात परतत असते. उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. याच शिदोरीवर ते बाहेर आल्यावर दोन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरू शकते. आधीच टरफल सोलले तर अस्तर फाटून रक्त वाहते, बलक बाहेरच राहतो. नुसते झाकण वारंवार उघडले तरी आतला दमटपणा जातो, अस्तर सुकते आणि पिलाला आवळून धरते. ज्याला सोडवायचे होते तोच अडकतो.

इथे दयेची पारख होते. हात पुढे गेला तो कुणासाठी? पिलाला तर वेळ हवी होती. घाई आपल्याला झाली होती, कारण त्याची धडपड आपल्याला पाहवत नव्हती. आपली अस्वस्थता शमवण्याला आपण दया म्हणतो, आणि ही गल्लत पिलांपुरती राहत नाही. मुलाचे गणित आई सोडवून देते. म्हाताऱ्या वडिलांच्या हातातला तांब्या सून काढून घेते. मायेने केलेल्या या गोष्टींत समोरच्याचे बळ आपण हळूहळू काढून घेत असतो.

मग हात कधीच लावू नये का? तसेही नाही. एकनाथ महाराजांनी रामेश्वराकडे निघालेल्या कावडीतले पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. गाढवाला पाणी हवे होते आणि नाथांनी पाणीच दिले. पिलांच्या बाबतीतही अशा वेळा येतात. गुळगुळीत कागदावर ठेवलेल्या पिलाचे पाय फाकतात. दोन्ही पायांना मऊ पट्टी सैल बांधून खडबडीत फडक्यावर ठेवले तर पहिल्या काही दिवसांत ते पुष्कळदा सावरतात. पाणी न सापडणाऱ्या पिलाची चोच हलकेच पाण्याला लावावी लागते. पाण्याच्या ताटलीत खडे ठेवावे लागतात, नाहीतर इतक्याशा पाण्यातही पिलू बुडते. पहिल्या आठवड्यात अंगाखाली सुमारे ३५ अंश ऊब लागते. ती कमी पडली की पिले एकावर एक चढून दाटी करतात आणि खालची गुदमरतात. या ठिकाणी हात आवरणारा निर्दय ठरेल. कुठे हात द्यावा आणि कुठे आवरावा हे नुसत्या कळवळ्याने कळत नाही, त्यासाठी त्या जीवाची रीत शिकावी लागते. ज्ञानोबारायांनी तेराव्या अध्यायात अहिंसा समजावताना, मायेने पिलू तोंडात धरणाऱ्या मादीचा दृष्टांत घेतला आहे. दात तेच असतात, पण पिलाला ते रुतत नाहीत. किती जोर लावायचा हे माया तिला शिकवते. आपल्याला ते निरखून शिकायचे आहे.

आता जरा अवघड गोष्ट. निघालेल्या पिलांत साधारण अर्धे नर असतात. माद्या अंडी देतील म्हणून घरात राहतात. नरांचे काय? पेटीत गेलेल्या पिलासाठी आपण डोळ्यांत पाणी आणतो आणि पाच महिन्यांनी बाजाराच्या दिवशी कोंबड्याचे पाय बांधून त्याला पिशवीत घालतो, तेव्हा ते पाणी कुठे जाते? कुणाचे पोट कशावर चालते याचा न्याय करायला आपण बसलेलो नाही. कोरडवाहू रानात जोडधंद्यावाचून भागत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण हौस म्हणून बटण दाबणाऱ्या माळकऱ्याने हा प्रश्न बटण दाबण्याआधी स्वतःला विचारावा. किती जीव सांभाळता येतील तेवढीच अंडी ठेवावीत. सांभाळता येणार नसतील तर पेटी रिकामी राहू द्यावी. जीव बोलावून घेणे सोपे आहे. आलेल्याला शेवटपर्यंत घर देणे हा खरा धर्म. त्या भगिनीने विचारलेल्या पापाचा शोध मेलेल्या चार अंड्यांत घेण्यापेक्षा इथे घेतलेला बरा.

आणि घरात लहान मूल असेल, तर मेलेले पिलू त्याच्या नकळत उकिरड्यावर टाकू नये. ‘झोपले आहे’ असेही सांगू नये, मूल त्याच्या उठण्याची वाट पाहते. परसात त्याच्याच हाताने लहान खड्डा करावा, माती लोटावी आणि विठ्ठलाचे नाव घ्यावे. “ते कुठे गेले?” असे विचारले तर जेवढे आपल्याला खरे वाटते तेवढेच सांगावे. मरणाची पहिली ओळख आदराने झाली, तर ते मूल पुढे कोणताही जीव तुच्छ मानणार नाही.

पक्षीण पंखांच्या उबेने आणि कासवी नुसत्या दृष्टीने पिले वाढवते, असे दृष्टांत आपण कीर्तनात पुन्हा पुन्हा ऐकतो. ते ऐकताना आपण नेहमी पिलाच्या जागी असतो आणि विठाईच्या उबेची वाट पाहतो. ही पेटी आपल्याला थोडा वेळ पंखांच्या जागी बसवते. तिथे बसल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या धडपडीच्या वेळी पांडुरंग गप्प आहे असे वाटले, टरफल फोडायला त्याचा हात आला नाही, तरी ऊब बंद झालेली नसते. विटेवर उभे राहून तोही पहाराच देत असतो.

रामकृष्ण हरि.