पाच सेकंदांचा न्याय

कबड्डीत एका बाजूची चढाई संपली की दुसऱ्या बाजूने 5 सेकंदांत आपला गडी धाडायचा, असा नियम आहे. आत्ता पकडणारा तो लगेच पकडला जाणारा! गासच्या आमच्या शाळेतल्या मुलांकडून मी हाच पालट घोटून घेतो. पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. मी त्याचा जेमतेम चतकोर आखतो आणि तिघांसमोर तिघे उभे करतो. पळायला जागा नाही, उसंत नाही.

पायांना हे लवकर जमते. मनाचे काय? चढाईवाल्याचे बनियन धरून ओढणारा पोरगा, पुढच्याच चढाईत स्वतःचे बनियन ओढले गेले की 'सर, फाऊल!' म्हणून ओरडतो. नियम त्याला आधीही पाठ होता. त्याला लबाड तरी कसे म्हणावे? ओढताना त्याच्या डोळ्यांपुढे फक्त आपला संघ होता. न्यायबुद्धी अशी आपल्याच अंगाला हात लागल्यावर जागी होत असेल, तर ती न्यायबुद्धी की नुसती स्वतःची कळ? आणि जागी झालेली टिकते किती? सून असताना सोसलेले सासू झाल्यावर आठवते का, हे वाचकांनी आपापल्या घरी पाहावे.

मी एवढेच पाहतो, की दहा-बारा पालटांनंतर एखादा मुलगा बनियनकडे गेलेला हात आपणहून मागे घेतो आणि घोट्याला झेप घालतो. माझी शिट्टी तोंडातच राहते. गडी मात्र बहुधा निसटतो, आणि उरलेले दोघे त्या मुलावर चिडतात.