नाबोथाचा मळा व चेरोकी लोकांची भूमी

एखादे कृत्य अन्यायाचे असले, परंतु त्यापासून पुढे पुष्कळांना लाभ झाला, तर तो अन्याय धुऊन निघतो काय? हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नव्हे. शेजाऱ्याचा बांध कोरणाराही मनात हेच म्हणतो की, ही जमीन त्याच्या हाती पडीकच राहती. मी ती पिकवीन, मग ह्यात पाप ते कोणते? अहाब राजानेही नाबोथाच्या मळ्यात भाजीचा बाग करण्याचेच योजिले होते. काटे पेरण्याचे नव्हे.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेच्या इतिहासातील एक गोष्ट उपयोगी पडेल. महाराष्ट्रातील मंडळ्यांशी तिचा संबंधही आहे. कारण ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी सन १८१३ मध्ये मुंबईस उतरले, त्याच बोर्डाने सन १८१७ मध्ये अमेरिकेतील चेरोकी लोकांत आपले ठाणे घातले.

हे लोक त्या देशाचे मूळ रहिवासी. जॉर्जिया व लगतच्या प्रांतांत त्यांची शेते व गावे होती. त्यांच्यातील सिक्वोया नामक मनुष्यास इंग्रजी वाचता येत नसताही त्याने सन १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेची अक्षरे स्वतः रचिली. सन १८२७ मध्ये त्यांनी आपली राज्यघटना केली, व सन १८२८ मध्ये स्वभाषेत व इंग्रजीत वर्तमानपत्र काढिले. त्यांच्यातील काही श्रीमंतांनी गुलाम बाळगिले होते. ते निर्दोष होते असे आमचे म्हणणे नाही. पण मळा नाबोथाचा होता तो नाबोथ पुण्यवान होता म्हणून नव्हे, तर वतन त्याचे होते म्हणून.

सन १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाले. इंग्लंडातील गिरण्यांस कापूस पुरेना, आणि कापसास जमीन पुरेना. त्यात सन १८२९ च्या सुमारास चेरोकी मुलखात सोने सापडले. लागलीच सन १८३० मध्ये ह्या लोकांस मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस घालविण्याचा कायदा झाला. त्यांच्यात राहणाऱ्या गोऱ्यांनी प्रांताच्या निष्ठेची शपथ घ्यावी, असाही जॉर्जियाचा हुकूम झाला. रे. सॅम्युएल वूस्टर व डॉ. बटलर ह्या दोघा मिशनऱ्यांनी ती घेतली नाही, म्हणून सन १८३१ मध्ये त्यांस चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यांच्यासह अकरा जणांस शिक्षा झाली होती. नऊ जणांनी माफी पत्करिली, ह्या दोघांनी नाकारिली. सन १८३२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की, चेरोकी मुलखात जॉर्जियाचा कायदा चालत नाही. जॉर्जियाने तो मानिला नाही. उलट त्याच वर्षी त्या जमिनी चिठ्ठ्या टाकून गोऱ्यांस वाटल्या. वधस्तंभाखाली शिपायांनी कोणाच्या वस्त्रावर चिठ्ठ्या टाकिल्या, हे वाचकांस सांगणे नको.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. सन १८३३ च्या आरंभी त्या दोघांनीही बोर्डाच्या सल्ल्याने आपला हट्ट सोडिला व ते सुटले. सत्यासाठी कैद सोसणाराही थकतो. मात्र वूस्टर साहेबांनी त्या लोकांस सोडिले नाही. सन १८३५ मध्ये ते पश्चिमेस गेले, आणि सन १८५९ मध्ये मरण येईपर्यंत चेरोकी भाषेत शास्त्राचे भाषांतर करीत राहिले.

सन १८३५ च्या अखेरीस काही थोड्या चेरोकींनी, राष्ट्राचा अधिकार नसता, भूमी देण्याच्या करारावर सह्या केल्या. त्याविरुद्ध सुमारे १५ हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज गेला, तो व्यर्थ झाला. सन १८३८ मध्ये शिपायांनी घराघरांतून लोक काढून छावण्यांत कोंडिले. सुमारे १६ हजार लोक पश्चिमेस निघाले, डॉ. बटलरही त्यांच्याबरोबर चालले. छावण्यांत व हिवाळ्याच्या वाटेवर अजमासे ४ हजार मेले.

पुढे त्या भूमीत कापूस उदंड पिकला. सन १८६९ मध्ये आगगाडीचा रस्ता पश्चिम समुद्राच्या बाजूस जाऊन भिडला, आणि अमेरिका धनाढ्य झाली. मग हे सर्व पाहून आरंभीचा अन्याय विसरावा काय?

पीक हा देवाच्या कृपेचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे; पाऊस नीतिमानांवर व अनीतिमानांवर सारखाच पडतो. शिवाय लाभ एकाने घ्यावा व किंमत दुसऱ्याने द्यावी, ह्यास कल्याण कोण म्हणेल? वाटेत पुरलेल्या लेकराला त्या कापसाचे एक अंगडेही मिळाले नाही. आणि अन्यायाचेही पीक येतेच. त्या भूमीवर गुलामांकडून कापूस पिकविला गेला, गुलामगिरी बळावली, व तिच्यापायी सन १८६१ ते १८६५ च्या युद्धात सहा लाखांहून अधिक शिपाई मेले.

कोणी म्हणेल, सर्व कायद्याने झाले. ईजबेलेनेही कायदा मोडिला नव्हता. तिने पत्रे लिहिली, मोहोर केली, वडील जमविले, दोन साक्षीदार उभे केले. कागद बिनचूक होता, रक्त मात्र निर्दोष मनुष्याचे होते.

तर बंधुभगिनींनो, आणि विशेषेकरून मंडळीत ज्यांच्यापुढे बांधाचे व वाटणीचे तंटे येतात त्या उपदेशकांनो, शेत कोण चांगले पिकवील हे आधी विचारू नका. ते कोणाचे, हे विचारा. विधवेचा वा पोरक्या पुतण्याचा वाटा आपल्याकडे राहिला असेल, तर त्यातून देवळास दिलेल्या देणगीने तो आपला होत नाही. जक्कयाने केवळ दानधर्म केला नाही, ज्यांचे नाडून घेतले होते त्यांस चौपट परत देऊ केले. एलीया संदेष्टा त्या मळ्यात गेला तेव्हा भाजी कशी आली आहे, हे त्याने विचारिले नाही.