त्यांचा माणूस कोण निवडणार?

या वर्षी पुण्यात स्वयंसेवी संस्थांचा एक परिसंवाद झाला. निर्वासितांसाठी आणि अल्पसंख्य समाजांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या विश्वस्त मंडळांवर त्या त्या समाजातली माणसं असावीत का, असा विषय होता. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी ठासून सांगितलं की मदत घेणाराच मदत वाटायला बसला तर हितसंबंधांचा गुंता होतो. मंडळावर हिशेब कळणारी, कायदा जाणणारी, देणग्या मिळवून देणारी माणसं लागतात. लाभार्थ्यांचं मत जरूर घ्यावं, पण निर्णय मंडळानेच घ्यावा. टाळ्या पडल्या. त्या वाजवणाऱ्यांत मी ज्यांना मानतो अशी, पदरमोड करून वर्षानुवर्षं काम करणारी माणसं होती. त्यांना हे म्हणणं इतक्या सहज पटलं, यानेच मी अस्वस्थ झालो.

हितसंबंधांचा मुद्दा आधी निकालात काढतो. महाराष्ट्रात ऊस घालणारा शेतकरी साखर कारखान्याचा संचालक होतो. उसाला भाव किती द्यायचा हे तो ठरवतो तेव्हा त्याचा स्वतःचा ऊसही त्याच भावाने जातो. प्रवरानगरला धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थतज्ज्ञ पहिले अध्यक्ष होते आणि त्यांच्या शेजारी शेतकरी बसत होते. त्या रचनेचा आपल्याला आजही अभिमान वाटतो. देणगीदाराला विश्वस्त करताना तर कुणालाच गुंता दिसत नाही. वडिलांचं नाव वसतिगृहाला लागावं, हा हितसंबंधच आहे. शिबिरातले पेशंट आपल्या रुग्णालयात यावेत, हाही आहे. हे सगळे हितसंबंध चालतात आणि निर्वासिताला छप्पर हवं असणं तेवढं चालत नाही, हा न्याय मला मान्य नाही.

पण त्या भाषणातला दुसरा भाग, 'मत घ्यावं, निर्णय आपण घ्यावा', इतक्या सोप्या उत्तराने संपत नाही. हे म्हणणं महाराष्ट्राच्या भूमीवर फार मोठ्या माणसाने, फार उंच नैतिक पायावर उभं राहून पूर्वीच मांडलं आहे.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला. सहा दिवसांनी मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात पंडित मदनमोहन मालवीयांच्या अध्यक्षतेखाली जाहीर सभा भरली आणि अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. पुढे तिचं नाव हरिजन सेवक संघ झालं. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष, ठक्करबापा चिटणीस. पहिल्या मध्यवर्ती मंडळावर अस्पृश्य समाजातले तिघे होते: डॉ. आंबेडकर, मद्रासचे एम. सी. राजा आणि रावबहादूर श्रीनिवासन. आंबेडकर लवकरच बाहेर पडले. नंतर अस्पृश्य कार्यकर्ते संघाच्या मंडळांवर जागा मागू लागले, तेव्हा गांधीजींनी ती मागणी मानली नाही. त्यांची भूमिका अशी की संघ हे सवर्ण हिंदूंचं प्रायश्चित्त आहे. पाप त्यांचं, ऋण त्यांचं, पैसाही त्यांचा. तेव्हा ते फेडण्याचं कामही त्यांनीच करायला हवं. अस्पृश्यांनी हवं तर सल्लागार मंडळं काढावीत.

या भूमिकेला खोली आहे, हे मी मनापासून म्हणतो. आजच्या संस्थांमध्ये उपकाराची जी भाषा चालते, तिच्यापेक्षा ऋणाची भाषा शतपटीने बरी. पण तिच्यातच तिचं खंडन आहे. आपल्या धर्मशास्त्रातसुद्धा पाप करणारा आपलं प्रायश्चित्त आपणच ठरवत नाही. त्याला परिषदेपुढे उभं राहावं लागतं, आणि परिषद सांगेल ते करावं लागतं. ऋणाचंही तसंच. किती देणं आहे आणि ते फिटलं की नाही, हे ऋणको एकटा ठरवू लागला तर धनकोच्या हातात त्याच्या मर्जीखेरीज काही उरत नाही. गांधीजींनी शब्द ऋणाचा वापरला, पण मंडळाची रचना दानाचीच ठेवली.

आता आंबेडकरांचं एक पत्र पाहू. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, पोर्ट सैदजवळ 'व्हिक्टोरिया' बोटीवरून त्यांनी ते ठक्करबापांना लिहिलं. संस्था कशी चालवावी या विषयावर भारतात लिहिलं गेलेलं याहून मोलाचं काही मला माहीत नाही, आणि विश्वस्तांच्या एकाही प्रशिक्षण वर्गात ते वाचलं जात नाही. आंबेडकर संस्थेच्या खर्चाच्या खात्यांपासून सुरुवात करत नाहीत. ते मुळाशी जातात. माणूस हलाखीत आहे याचं कारण त्याच्यात आहे, असं मानलं तर संस्था दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं आणि शाळा यांत रमेल. कारण भोवतालच्या समाजात आहे असं मानलं, तर कामाची दिशाच बदलेल. मग गावच्या विहिरीवर पाणी भरण्याचा, शाळेत बसण्याचा, चावडीत शिरण्याचा, सार्वजनिक वाहनातून जाण्याचा हक्क बजावण्यासाठी मोहीम उघडावी लागेल. त्यात डोकी फुटतील, हेही ते आडपडदा न ठेवता लिहितात. महाड आणि नाशिकच्या सत्याग्रहांचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. त्यानंतर ते नोकरी-धंद्यातल्या समान संधीकडे वळतात. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचं दार अस्पृश्यांना बंद होतं, हे लक्षात घेतलं की ही मागणी किती नेमकी होती ते कळतं. मग परस्पर सामाजिक व्यवहार येतो. आणि अखेरीस, हे काम कोणाच्या हातून व्हावं? ज्यांचं दुःख आहे त्यांच्यातले कार्यकर्ते घ्या, कारण पगारी माणसाकडून जे होत नाही ते आपुलकीतून होतं, असं ते सांगतात, आणि तिथे टॉलस्टॉयचा आधार घेतात.

या पत्राला उत्तर आलं नाही.

इथवर येईपर्यंत माझी मागणी सरळ होती: मंडळावर निम्म्या जागा त्या समाजाच्या असाव्यात. पण हे पत्र नीट वाचलं की ती मागणी तोकडी पडते, कारण आंबेडकरांना जागा होतीच. त्यांच्यासकट तीन जागा होत्या, आणि एका लहान मंडळात तीन म्हणजे थोड्या नव्हेत. तरीही पत्र पडून राहिलं. त्या तिघांना मंडळावर घेणारे दुसरे होते, विषयपत्रिका दुसऱ्यांची होती, आणि आंबेडकरांच्या पत्राकडे दुर्लक्ष केल्याबद्दल कोणाला जाब द्यावा लागणार नव्हता.

तसं पाहिलं तर संघ स्थापन होण्याच्या सहा दिवस आधी झालेल्या पुणे करारामागचा झगडाही हाच होता. जातीय निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा होत्या. पुणे कराराने त्या १४८ केल्या. दुप्पट झाल्या, तरी आंबेडकरांच्या मनातली सल गेली नाही. स्वतंत्र मतदारसंघ गेला होता. जागांवर अस्पृश्यच बसणार होते, पण अखेरचा कौल संयुक्त मतदारसंघातल्या बहुसंख्यांच्या हाती होता. आपला माणूस आपण निवडायचा की त्यांनी आपल्यातून त्यांना पटेल तो निवडायचा, या प्रश्नावर येरवड्याच्या तुरुंगाबाहेर देश टांगला गेला होता. विश्वस्त मंडळाच्या खोलीत तोच प्रश्न लहान आकारात बसलेला आहे. म्हणून 'किती जागा' ही मागणी मी सोडून देतो. माझी मागणी आता ही आहे की त्यांचा माणूस त्यांनी निवडावा, आणि नको झाला तर त्यांनीच काढावा.

मंडळाने पसंत केलेला प्रतिनिधी म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांचे घरून येणारे पैसे थांबले. त्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या बैठकीला मी पाहुणा म्हणून बसलो होतो. विषयपत्रिकेत पहिला विषय 'विद्यार्थी प्रतिनिधींचे मनोगत' असा होता. तो मुलगा नीट तयारी करून आला होता. धान्य पुरेसं मिळतं, असं त्याने सांगितलं. व्हिसाची मुदत संपत आलेल्यांना वकील हवा आणि फी थकल्यामुळे अडलेल्या निकालांसाठी महाविद्यालयांशी कोणीतरी बोलायला हवं, असंही सांगितलं. अध्यक्षांनी आभार मानले, शाल दिली. तो बाहेर गेला, दार लोटलं गेलं, आणि मंडळाने धान्याची आणखी किटं मंजूर केली. इतिवृत्ताच्या वहीत ओळ पडली: 'विद्यार्थी प्रतिनिधींनी संस्थेच्या कार्याबद्दल समाधान व्यक्त केले.' त्या खोलीत कोणाच्या मनात खोट नव्हती. किटं मिळवणं त्यांना जमत होतं, वकील मिळवणं अवघड होतं, आणि जमेल तेच गरजेचं आहे असं ठरवण्यापासून त्यांना अडवणारा माणूस आत नव्हता.

याच्या उलट चित्रही महाराष्ट्रानेच पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत राहिले. लंडनमधल्या त्यांच्या हद्दपार सरकारचा पैसा मागे होता आणि छावणीचा कारभार पोलिश माणसांच्या हाती होता. त्यांच्या शाळा त्यांच्या भाषेत चालल्या, चर्च, नाटक, स्काउट सगळं उभं राहिलं. ते गेल्यावर त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले, आणि आज ते गांधीनगर कापडाच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं. सिंध्यांनी कच्छमध्ये तर याहून मोठं पाऊल टाकलं. भाई प्रताप दियालदासांनी सिंधू पुनर्वसन महामंडळ काढलं, कच्छच्या महारावांनी पंधरा हजार एकर जमीन दिली, विस्थापितांनी स्वतः भाग विकत घेतले, आणि गांधीधाम उभं राहिलं. या योजनेला गांधीजींचा आशीर्वाद होता. निर्वासित भागधारक झाला की संचालकाला त्याच्यापुढे उभं राहावं लागतं. पोलिशांकडे सरकार होतं, सिंध्यांकडे भांडवल होतं. ज्यांच्याकडे दोन्ही नाही, त्यांच्या हाती मत द्यावं लागेल.

बाहेरच्यांना हाकला, असं मी म्हणत नाही. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. कार्यकारी मंडळाची सूत्रं मात्र आंबेडकरांकडे होती. कायदा जाणणारे, प्रतिष्ठा असणारे, देणग्या आणणारे लोक त्या संस्थेला हवेच होते, आणि धोरण दुसऱ्याच्या हाती असूनही ते आले.

निवडणुकीलाही कीड लागते, हा आक्षेप खरा आहे. ज्या साखर कारखान्यांचा दाखला मी वर दिला, त्यांच्यातच घराण्यांची पकड कशी बसली हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. निर्वासित वस्तीतही वडीलधारे पुरुष बोलतात आणि बायका मागे बसतात. पण मंडळाने नेमलेल्या प्रतिनिधीमुळे हा दोष जात नाही, उलट पक्का होतो, कारण मंडळाची ओळख आधी त्याच वडीलधाऱ्यांशी होते. बायकांसाठी वेगळी निवड आणि मुदतीची मर्यादा हे उपाय तरी निवडणुकीत करता येतात.

खरी अडचण कायद्याची आहे, आणि ती मी लहान मानत नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडून २०२० च्या दुरुस्तीनंतर आधार क्रमांक मागता येतो, परदेशी व्यक्तीकडून पासपोर्ट किंवा ओसीआय कार्डाची प्रत. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाचं कार्ड घेऊन राहणाऱ्या रोहिंग्या किंवा चिन माणसाकडे यातलं काहीच नसतं. अशा संस्थेत तो पदाधिकारी होणं आज जवळजवळ अशक्य आहे. म्हणून त्याच्यासाठी वेगळी वाट हवी: लाभार्थ्यांची सभा, तिने निवडलेली समिती, आणि कार्यक्रम व खर्चाचं अंदाजपत्रक त्या समितीच्या लेखी संमतीशिवाय मंजूर होणार नाही असं नियमावलीतलं कलम. सल्लागार मंडळ आणि ही समिती यांत फरक एवढाच की हिला नकार देता येतो.

भारतीय नागरिक असलेल्या अल्पसंख्य समाजांच्या बाबतीत तर ही सबबही नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्यात लाभार्थी हा 'हितसंबंधित व्यक्ती' मानला आहे. कलम ५०-अ खाली अशा दोन व्यक्ती धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाच्या कारभाराची योजना आखून मागू शकतात. म्हणजे ज्या हितसंबंधाला परिसंवादात अपात्रता ठरवलं गेलं, त्याच हितसंबंधाला १९५० च्या कायद्याने अधिकार दिला आहे.

जे विश्वस्त हा लेख वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे. मार्चच्या आत एक सभा बोलवा, ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांना मतदार म्हणून बोलवा, त्यांनी निवडलेली आणि त्यांनाच परत बोलावता येतील अशी माणसं मंडळावर घ्या, आणि नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तबदलाचा चेंज रिपोर्ट दाखल करा. कोणाला काय हवं याची यादी त्यानंतर करा.