रिकाम्या प्रत्यंचेचा दोष

धनुष्यावर बाण नसताना ते चुकून सुटले, तर त्यात कोणाचा दोष, आणि मुळात दोष आहे तरी का, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटतो. कोणी जखमी होत नाही, कोणाची फिर्याद नसते, आणि ‘नशीब, बाण नव्हता!’ एवढे म्हणून मंडळी मोकळी होतात. या उद्गारात जे समाधान आहे ते मला पुरेसे वाटत नाही. किंबहुना धर्मविचाराच्या दृष्टीने पाहता, बाण लागून झालेल्या अपघातापेक्षाही हा रिकामा प्रसंग अधिक विचारणीय आहे.

मुंबईच्या भांडुप उपनगरात पश्चिमेस वस्ती संपून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात. त्या रानातल्या वारली-कातकऱ्यांच्या पूर्वजांना धनुष्याची ओळख करून देण्याची गरज नव्हती. आज मात्र ते उपनगरातील घरांत खेळाचे साधन म्हणून येते. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिन येथे जागतिक विजेतेपद मिळविल्यावर मराठी मुलामुलींचे मन या विद्येकडे ओढले गेले, तर त्यात नवल नाही. साध्या धनुष्याची दोरी ओढून धरली की तिचा ताण बोटांना, दंडाला, खांद्याला क्षणोक्षणी आपली आठवण देत राहतो. क्रॉसबो ऊर्फ आडव्या धनुष्याची गोष्ट निराळी. त्याची दोरी एकदा ओढून खाचेत अडकविली की दीडशे पौंडांचा, म्हणजे सुमारे ६८ किलोंचा ताण यंत्राच्या स्वाधीन होतो आणि हात निश्चिंत होतात. पुढे बोलण्याच्या नादात कोणाचे बोट चापावर पडावे, इतकेच बाकी राहते.

बाण असतो तेव्हा धनुष्याच्या वाकलेल्या पात्यांत साठलेली बहुतांश शक्ती तो आपल्याबरोबर घेऊन जातो. तो नसेल, तर तीच शक्ती जायला दुसरी वाट नसल्यामुळे दोरीत आणि पात्यांत परतते. भांडुपच्या कारखान्यांतून ज्यांनी आयुष्य काढले त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तापलेले लोखंड खाली नसताना घण आदळला, तर त्याचा मार साच्यालाच बसतो, हे त्यांना ठाऊक आहे. दोरी तुटते, पाते फुटून त्याच्या चिरफळ्या तोंडावर उडतात, आणि पुष्कळदा यांपैकी काहीच न घडता पात्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी भेग तेवढी राहते. म्हणून जाणते धनुर्धर अशा प्रसंगानंतर कापसाचा बोळा पात्यावरून सावकाश फिरवितात. कापसाचा एखादा तंतू कोठे अडकला, की तेथे भेग आहे असे समजावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्माची योग्यता त्याच्या बाह्य परिणामावरून न ठरविता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, असे विस्ताराने प्रतिपादिले आहे. हे मत शिरोधार्य मानूनही आपल्यापुढील प्रसंगात त्याचा उपयोग करू गेल्यास अडचण येते, कारण येथे बुद्धी दुष्ट नव्हती आणि परिणामही दिसत नाही. कायद्याकडे पाहावे, तर भारतीय दंडसंहितेच्या ८० व्या कलमाने, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १८ व्या कलमाने, अपघाताला जी माफी दिली आहे ती सरसकट नव्हे; इरादा गुन्ह्याचा नसून शिवाय योग्य ती काळजी व सावधगिरी घेतलेली असली पाहिजे, अशी तीत स्पष्ट अट आहे. पण कोणाचे काही नुकसानच झाले नसेल, तर ही अट तपासण्याचा प्रसंग दप्तरी कशाला येईल? हेतू आणि परिणाम ही दोन्ही मापे बाजूला ठेवली, की उरते ती केवळ हयगय. म्हणूनच हा प्रसंग मोलाचा आहे, की त्यात हयगय दुसऱ्या कशाचेही मिश्रण नसलेली अशी एकटी सापडते.

ज्या उपनगरात देऊळ, देरासर, बुद्धविहार आणि चर्च यांना जाणारी माणसे एकाच लोकलने घरी परततात, तेथे या बाबतीत सर्वांचे म्हणणे ऐकणे योग्य होय. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात कायिक कर्म अधिक सदोष की मानसिक, असा वाद आहे, आणि भगवान बुद्धांचा कौल मनाच्या बाजूने पडतो. तेथे निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, पक्ष केवळ देहाच्या क्रियेला धरून बसलेला दाखविला आहे. परंतु जैन विचाराला त्या चित्रावरून जोखणे अन्यायाचे होईल. आचार्य कुंदकुंदांनी ‘प्रवचनसारा’त जी भूमिका घेतली तिचा आशय असा की, बेसावधपणे वागणाऱ्याच्या हातून प्रत्यक्ष कोणी मेले नाही तरी हिंसेचा दोष त्याला लागतोच, आणि जपून वागणाऱ्याच्या हातून अभावितपणे जीव गेला तरी तेवढ्याने त्याला कर्मबंध होत नाही. पुढच्या माणसाचे दैव बलवत्तर होते म्हणून माझी हयगय धुऊन निघत नाही, हे इतक्या निःसंदिग्धपणे अन्यत्र क्वचितच सांगितले गेले असेल. ख्रिस्ती धर्मपीठाच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ११३९ साली ख्रिस्ती माणसांवर आडवे धनुष्य वापरण्यास मनाई केली. तिची दृष्टी मारल्या जाणाऱ्याकडे होती, कुंदकुंदांची धरणाऱ्याकडे आहे. मला दुसरी अधिक खोल वाटते.

तथापि नकळत घडलेला दोष आणि जाणूनबुजून केलेला दोष यांना एकाच पंक्तीला बसविणे आपल्या धर्मशास्त्राला मान्य नाही. अकामकृत पातकाला मनूने वेदाभ्यासाचे सौम्य प्रायश्चित्त सांगितले आणि कामकृताला निरनिराळी कठोर प्रायश्चित्ते ठेवली; महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या भेदाचा ऊहापोह आहे. माझे म्हणणे असे आहे की, रिकामी दोरी सुटते तो क्षण अकामकृतच असतो. परंतु ते धनुष्य पुसून, जसेच्या तसे, न बोलता मांडणीवर ठेवले, की त्या क्षणापासून तो दोष कामकृत होतो. पुढच्या माणसाच्या हाती भेग गेलेले पाते आपण जाणूनबुजून देत असतो.

वाल्मीकींच्या दशरथाचे येथे स्मरण होते. हत्ती पाणी पितो आहे या समजुतीने शरयूकाठी त्याने शब्दवेधी बाण सोडला आणि मुनिकुमार मेला. त्या मुलाखेरीज दशरथ कोणाला दिसला नव्हता, निघून जाणे त्याला सहज शक्य होते. पण त्याने त्या मुलाची घागर भरून घेतली आणि स्वतः त्याच्या अंध मातापित्यांपुढे जाऊन सर्व सांगितले. शाप टळला नाही. परंतु त्या पित्याने राजाला हेही सांगितले की, तू हे आपण होऊन कबूल केले नसतेस, तर तुझ्या मस्तकाची तत्काळ शकले झाली असती. इतक्या घोर शोकातही तो वृद्ध अपराध आणि लपवाछपवी यांतला भेद विसरत नाही, हे मला या कथेतले सर्वांत मोठे धर्मवचन वाटते.

म्हणून ज्याच्या हातून असे घडले असेल त्याने त्या धनुष्यावर पुन्हा बाण चढवू नये, ते जाणकाराला दाखवावे, आणि तपासणी होईपर्यंत दुसऱ्या कोणालाही देऊ नये. आणि वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की एखादे पोर ‘माझ्याकडून रिकामी दोरी सुटली’ असे सांगत तुमच्यापुढे उभे राहिले, तर पात्याच्या किमतीवरून त्याला बोल लावू नका.