मित्राची उलटतपासणी

मनुष्याने पूर्वी काढलेले उद्गार त्याच्यावर किती काळ बंधनकारक मानावेत, हा प्रश्न आमच्या व्यवसायात नित्य उपस्थित होतो आणि त्याची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहेत. तोच प्रश्न एकदा मित्रांच्या पंगतीत निघाला, तेव्हा मात्र आमची फजिती झाली. त्या प्रसंगातला दोष सर्वस्वी आमचा होता. परंतु तो ज्या साधनाने घडला ते आज प्रत्येकाच्या खिशात आहे, म्हणून ती हकीकत सांगण्याजोगी वाटते.

२०२४ सालच्या श्रावणातला एक रविवार. मडगावच्या आमच्या डॉक्टर स्नेह्यांच्या घरी आम्ही चौघे जमलो होतो. स्वतः डॉक्टर, शाळेत मराठी शिकवणारे आमचे मास्तर, बेळगावहून न चुकता कुंदा घेऊन येणारे बँकेतले एक गृहस्थ, आणि आम्ही. श्रावण असल्यामुळे मासळीला रजा होती. पानात त्रिफळांच्या वासाचे खतखते, शेजारी वाटीत सोलकढी. खतखत्यात सुरणापासून भोपळ्यापर्यंत डझनभर भाज्या एकत्र शिजतात, तरी प्रत्येकीची चव राहते. आमची मैत्रीही बहुधा त्याच पाकक्रियेने टिकली असावी.

बोलणे रिवाजाप्रमाणे चित्रपटांवर आले. मास्तर म्हणाले, “‘श्यामची आई’ पुन्हा पाहिला. तसा चित्रपट मराठीत दुसरा झाला नाही.” त्यात गैर काहीच नव्हते. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ साली काढलेल्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि वनमालाबाईंनी उभी केलेली आई पाहून पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसत आल्या आहेत. पण आमचा हात खिशाकडे गेला. २०२० च्या टाळेबंदीत सगळेच घरी बसून जुने चित्रपट पाहत होते, तेव्हा याच चित्रपटाविषयी मास्तरांनी आम्हांस काही लिहिल्याचे आठवत होते. अर्ध्या मिनिटात ते सापडले. “रडण्याची घाऊक पेठ. पंधरा मिनिटांत उठलो.” आम्ही ते तारीखवार मोठ्याने वाचून दाखविले. डॉक्टर उद्गारले, “निशाणी एक दाखल!” हशा पिकला. मास्तरही हसले, त्यांनी आणखी थोडी सोलकढी मागून घेतली, आणि त्यानंतर ते फारसे बोलले नाहीत.

रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर आम्हांस उमगले की, त्या दोन मतांच्या मध्ये एक मृत्यू होता. आदल्या वर्षी मास्तरांच्या मातोश्री वारल्या होत्या. आम्ही त्यांना खांदा दिला होता. हे ठाऊक नसते तर अपराध सौम्य ठरता. पण ठाऊक असूनही ऐनवेळी ते आठवले नाही. आठवली ती चार वर्षांपूर्वीची एक ओळ.

साक्षीदाराला त्याच्या आधीच्या लेखी विधानाने खोडून काढणे, ही उलटतपासणीतली आमची आवडती चाल. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १४५ व्या कलमाने तिला मुभा दिली होती, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ती कायम ठेवली आहे. परंतु त्या कलमात एक अट आहे. लेखाने साक्षीदाराला खोटे पाडावयाचे असेल, तर लेख शाबीत करण्यापूर्वी त्यातला नेमका भाग त्याच्या नजरेस आणून द्यावा लागतो. मागाहून फेरतपासणीत त्याला खुलासा करता येतो, तो निराळाच. म्हणजे अनोळखी साक्षीदाराला न्यायालय जी संधी देते, ती आम्ही वीस वर्षांच्या मित्राला दिली नाही. “मत कसे पालटले?” एवढेच आधी विचारले असते, तर निशाणीची गरजच उरली नसती.

येथे कोणी म्हणेल की, बोललेल्या शब्दाची जबाबदारी माणसाने घेऊ नये काय? अवश्य घ्यावी. घेतलेले पैसे, दिलेले वचन, कोणाची केलेली निंदा यांची नोंद राहणे इष्टच. तथापि उधारीच्या पैशाच्या दाव्यालाही १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने सामान्यतः तीन वर्षांची मर्यादा घातली आहे. आवडनिवड हे तर वचनही नव्हे आणि कर्जही नव्हे. माणूस त्या दिवशी जेथे उभा होता, तेथून त्याला जे दिसले त्याचे ते वर्णन असते. तो पुढे चालत गेला, तर वर्णन पालटणारच.

जतन करण्याशी आमचे वैर नाही. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली पडद्यावर आला आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही, याची हळहळ आम्हांसही वाटते. चित्रपट जपावाच, कारण न बदलणे हाच त्याचा गुण आहे. ‘श्यामची आई’ १९५३ साली होता तसाच आज आहे. म्हणूनच त्याच्यासमोर पुन्हा बसल्यावर आपण किती बदललो, हे आपणांस कळते. मित्राचे तसे नाही. पूर्वी त्याची जुनी वाक्ये आपल्या आठवणीत असत, आणि आठवण त्याच्याबरोबर वयाने वाढे. जे बोचरे ते झिजे, जे गोड ते मुरे. आता ती वाक्ये यंत्रात असतात आणि जशीच्या तशी बाहेर येतात. त्यांच्या बळावर आपण मित्राला चित्रपटासारखे वागवू लागतो. तोच प्रसंग, तेच वाक्य, पाहिजे तेव्हा पुन्हा.

पतिपत्नींमधल्या संभाषणाला आणि अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टींना कायद्याने, काही अपवाद सोडता, संरक्षण दिले आहे. मित्रांच्या बोलण्याला असे संरक्षण नाही, आणि ते कायद्याकडे मागण्यातही अर्थ नाही. मित्र कोण हे कोणते न्यायालय ठरविणार? ते संरक्षण ज्याच्यापाशी शब्द ठेवले त्यानेच द्यावयाचे असते.

आठ दिवसांनी आम्ही मास्तरांकडे गेलो आणि तो संदेश पुसून टाकतो, असे म्हणालो. ते म्हणाले, “पुसू नका, वकीलबाब. ते मीच लिहिले होते, आणि तेव्हा खरेच लिहिले होते.” मग चहा आला. कप खाली ठेवताना ते हळूच कोकणीत बोलले, “त्या दिसा हांव आवयविशीं कितें तरी सांगपाचो आशिल्लों. मागीर उरलें.”

काय सांगावयाचे होते, हे विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाही. त्यानंतरच्या श्रावणात पुन्हा पंगत बसली, पुन्हा खतखते झाले, चित्रपटही निघाले. आमचा फोन आम्ही डॉक्टरांच्या ओटीवर छत्र्यांपाशी ठेवून आलो होतो. मास्तर मनमोकळे हसले, बोलले. पण मातोश्रींविषयी त्यांनी काही काढले नाही. ते अजून राहिलेलेच आहे.