शहाणपणाचें तेल उसनें मिळत नाहीं

इफिस येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या 5 व्या अध्यायांत प्रेषित पौल सांगतो कीं, आपण कसे चालतों याकडे नीट लक्ष द्यावें, मूर्खांची चाल सोडून शहाण्यांची चाल धरावी, आणि मिळालेली वेळ हातची जाऊं देऊं नये. वेळेविषयीं त्यानें जो मूळ ग्रीक शब्द योजिला आहे तो बाजारांतला असून त्याचा अर्थ विकत घेऊन सोडविणें असा होतो. बाजार उठण्यापूर्वीं जें घ्यावयाचें तें घ्यावें, ही गोष्ट आठवड्याच्या बाजारास जाणाऱ्या आपल्या लोकांस कोणी शिकवावयास नको. परंतु जें शहाणपण आपण मिठामिरचीच्या खरेदींत दाखवितों, तें आपल्या आयुष्याच्या खरेदींत दाखवितों काय, हा प्रश्न आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं शहाणपण हें शाळा शिकलेल्यांचें काम, आणि ज्यास अक्षर येत नाहीं तो सहजच मूर्ख. शास्त्र असें म्हणत नाहीं. लूकच्या शुभवर्तमानाच्या 12 व्या अध्यायांतील श्रीमंत शेतकरी पाहा. त्याची जमीन पिकली, जुनीं कोठारें पुरेनात, म्हणून त्यानें मोठीं बांधण्याचा बेत केला. आपल्या गांवीं असा मनुष्य असता तर पंचांत त्यास पहिलें आसन मिळालें असतें. त्याचा हिशेब दाण्यादाण्याचा बरोबर होता. चूक एवढीच कीं, जीं वर्षें त्याच्या हातीं नव्हतीं तीं त्यानें आपल्या खात्यावर जमा धरिलीं, आणि त्या साऱ्या बेतांत शेजाऱ्यास किंवा देवास त्यानें कोठेंच जागा ठेविली नाहीं. अशा हुशार मनुष्यासच देवानें मूर्ख म्हटलें.

दोन घरें बांधणाऱ्यांची गोष्टहि तशीच आहे. दोघांनींहि प्रभूचीं वचनें ऐकिलीं होतीं. आपले ओढे वर्षांतून बहुतेक महिने कोरडे असतात. अशा ओढ्याच्या वाळूंत कोणी भिंत उभारली तर उन्हाळ्यांत तीहि पक्कीच दिसेल. दोन घरांतला भेद पावसापर्यंत कळला नाहीं. तात्पर्य, शास्त्रांतील मूर्ख म्हणजे ज्यास कळत नाहीं तो नव्हे. जें कळलें आहे तें वेळेवर न करणारा तो मूर्ख होय.

आतां दहा कुमारींच्या दृष्टांताकडे वळूं. ह्याविषयीं आपल्या उपदेशकांस खेड्यापाड्यांत एक प्रश्न नेहमीं विचारण्यांत येतो. पांच शहाण्या कुमारींनीं आपल्या मैत्रिणींस थोडें तेल कां दिलें नाहीं? घरांतलें मूठभर पीठ शेजारणीस देणें हा आपल्याकडील गरिबांचाहि धर्म आहे. मग ह्या शहाण्या कसल्या, ह्या तर कवडीचुंबक! हा प्रश्न खरा आहे, व तो झटकून टाकूं नये.

उत्तर त्याच अध्यायांत आहे. मत्तयाच्या 25 व्या अध्यायाच्या शेवटीं भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी व उघड्यास वस्त्र देणारेच नीतिमान ठरतात. तेव्हां जें देतां येतें तें राखून ठेवावें, अशी शिकवण तेथें असूं शकत नाहीं. पण कांहीं वस्तु अशा आहेत कीं त्या मनांत असूनहि देतां येत नाहींत. बैलजोडी उसनी मिळेल, बियाणें उसनें मिळेल. परंतु बापाची प्रार्थना मुलास उसनी मिळत नाहीं. वीस वर्षें खरें बोलण्याची संवय, दारूच्या गुत्त्यावरून सरळ घरीं जाण्याचें बळ, क्रोध गिळण्याची शक्ति, हीं मध्यरात्रीं हांक आल्यावर कोणाच्या दारीं मागतां येत नाहींत. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दहाहि कुमारी निजल्या होत्या, शहाण्याहि निजल्या. शहाणपण म्हणजे थकवाच न येणें असें नव्हे. झोंप येण्यापूर्वीं तेल भरून ठेवणें, एवढेंच तें आहे.

आपल्या घरांत ह्या गोष्टीची परीक्षा सर्वांत जास्त कर्जाच्या बाबतींत होते. 1875 च्या मे महिन्याच्या 12 व्या तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली, आणि तो दंगा पुणें व अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरला. लोकांचा रोख मुख्यतः खतांवर होता. तीं हिसकून जाळण्यांत आलीं. पूर्वीं अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या दिवसांत, 1861 ते 1865 पर्यंत, कापसाचे भाव चढले होते व कर्ज सहज मिळत होतें. पुढें भाव उतरले, कर्ज मात्र उतरलें नाहीं. सरकारनें वाढविलेला साराहि डोक्यावर होताच.

त्या वेळीं पुष्कळ मोठे लोक म्हणत कीं, कुणबी लग्नांत पैसा उधळतो म्हणून बुडतो. परंतु चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनास असें आढळलें कीं, एखाद्या लग्नापेक्षां पोटासाठीं, बियाण्यासाठीं, बैलासाठीं व साऱ्यासाठीं वारंवार काढलेल्या लहान लहान रकमांनींच कर्जाचा डोंगर वाढला. ह्यावरून आपण दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही कीं, उपाशी मुलांसाठीं जो कर्ज काढितो त्यास मूर्ख म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं. त्याच्या अडचणीवर जो आपलीं कोठारें वाढवितो, मूर्ख शेतकऱ्याचा खरा भाऊ तोच. दुसरी ही कीं, मनुष्य एका मोठ्या उडीनें क्वचितच बुडतो. बहुधा तो एकेक पाऊल खोल पाण्यांत जातो. काय लिहिलें आहे हें न कळतां अनेकांनीं खतांवर निशाण्या केल्या होत्या. म्हणून 1879 च्या कायद्यानें शेतकऱ्यांचीं खतें गांवच्या रजिस्ट्रारापुढें व्हावीं अशी तजवीज केली, आणि 1904 च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्यांस वाट मोकळी झाली. वाचावयास शिकणें व शेजाऱ्यांबरोबर मिळून पैसा सांठविणें, हेंहि एक तेल भरणेंच होय.

आज सावकाराच्या ओट्यावर जाण्याचेंहि कारण उरलें नाहीं. हातांतील मोबाईलवर बोट ठेवितांच कर्ज मिळतें. निशाणीचा अंगठा गेला, पण न वाचतां होकार देण्याची रीत राहिली. आणि लग्नाचा खर्च त्या कमिशनच्या दृष्टीनें मुख्य कारण नसला तरी तो निर्दोष ठरत नाहीं. पोटासाठीं काढलेल्या कर्जाला निदान गरजेचा आधार असतो. मांडवासाठीं काढलेल्या कर्जाला लोक काय म्हणतील ह्या भीतीवांचून आधार कोणता? लोक एक दिवस जेवून जातात, आणि नवी सून जन्मभर व्याजाच्या घरांत नांदते.

येथें कोणी म्हणेल, हें तर वाण्याचें शहाणपण झालें. वधस्तंभ जगास मूर्खपणाच वाटतो. बेथानी येथील स्त्रीनें तीनशें दिनारांचें, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षाच्या मजुरीचें, सुगंधी तेल एका घटकेंत ओतलें आणि प्रभूनें तिची प्रशंसा केली. तिनें हिशेब कोठें केला? आम्ही म्हणतों, केला होता. प्रभूची संगत थोडे दिवस आहे, हें तेथील इतर मंडळींपेक्षां तिला अधिक कळलें होतें. तिनें स्वतःचें दिलें, उसनें आणलेलें नव्हे. आणि प्रीतीनें दिलें, दिखाव्यासाठीं नव्हे. म्हणून शहाणपण म्हणजे कंजूषपणा नव्हे. कोणापुढें, कशासाठीं आणि केव्हां खर्चावें, ह्याची ओळख म्हणजे शहाणपण. जगाच्या तोंडाकडे पाहून जो हात राखितो आणि जगाच्या तोंडाकडे पाहून जो उधळितो, ते दोघेहि एकाच धन्याचे चाकर आहेत.

तेव्हां आमची उपदेशकबंधूंस अशी विनंति आहे कीं, विवाहाची तारीख ठरविण्यापूर्वीं दोन्ही घरच्या वडील मंडळींबरोबर बसावें, आणि बुरूज बांधणाऱ्यानें आधीं खर्चाचा अंदाज करावा हा प्रभूचा दृष्टांत उघडून कागदावर आंकडे मांडावे. ज्या घरीं साधेपणानें लग्न होईल त्या घरास हिणवूं नये, उलट मंडळीनें त्याचा मान करावा. कारण एकट्या कुटुंबास लोकलज्जेपुढें उभें राहणें कठीण असतें, सर्व मंडळीस तें कठीण नाहीं. मातापित्यांनीं रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं मुलांबरोबर गुडघे टेकावे. हें तेल थेंबाथेंबानेंच भरतें.

आणि आपल्याजवळ शहाणपण नाहीं असें ज्यास वाटतें त्यानें निराश होऊं नये. याकोब आपल्या पत्राच्या आरंभींच सांगतो कीं, ज्यास तें उणें असेल त्यानें देवाजवळ मागावें. तो मागणाऱ्यास बोल न लावतां हात सोडून देतो. शेजाऱ्यापासून जें उसनें मिळत नाहीं तें देवापासून फुकट मिळतें. मात्र तें आज मागावें, कारण दुकान अजून उघडें आहे.